चौथा टप्पा

रेडिओ दुरुस्त करणारा तो माणूस हिशेबाला पक्का, पण बोटं मोजल्याशिवाय बेरीज जमायची नाही. अ‍ॅम्प्लिफायर जोडताना मोठ्यानं म्हणायचा, "पहिला टप्पा, वीस डेसिबल. दुसरा, वीस..." की आतून बायको ओरडायची, "चाळीस! अहो, बरं तरी डेसिबलची नुसती बेरीज असते. गुणाकार असता तर काय केलं असतंत?"

ती खोकून खोकून गेली, त्याला तीन वर्षं झाली. शेवटच्या दिवशी टेपवर काहीतरी बोलली होती. खरखर नको म्हणून यानंच रेकॉर्डिंगचा आवाज खाली ओढला होता. आता टेपवर नुसता श्वासाएवढा आवाज. काय बोलली, ते ऐकल्याशिवाय त्याला घास जात नव्हता.

म्हणून तीन टप्प्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. प्रत्येक टप्पा दहापट, म्हणजे वीस डेसिबल. तिन्ही मिळून हजारपट, साठ.

आधी चाचणी. एक मिलिव्होल्ट आत सोडला. बाहेर एक व्होल्ट यायला हवा.

मीटरवर दहा.

"बाबा, पुरे ना आता," लेक दारातून म्हणाली. "डोळे बघा कसे झालेत. चहा टाकू?"

"टाक गं. दहा हजारपट, ऐंशी डेसिबल येतंय. वीस जास्त!"

"मग चांगलंच की."

चांगलं कसलं? बॅटरी नऊ व्होल्टची. नऊच्या विहिरीतून दहा बादल्या कशा निघतील? त्यानं मीटर बदलला. दहाच. शेवटचा टप्पा काढला. तरी दहा. तिन्ही काढले, बॅटरीसुद्धा.

दहा.

टेबलावर आता फक्त टेप आणि मीटर. त्यानं त्या दोघांची तार जोडली आणि बटण दाबलं.

खरखर. मग स्पीकर नसतानाही, खोलीत बोलल्यासारखा, त्याचाच आवाज आला. "पहिला, वीस. दुसरा, वीस. तिसरा..."

हे त्यानं आज सकाळी म्हटलं होतं.

"ऐंशी," बायको म्हणाली. "मला धरून."

एवढंच. तीन वर्षं त्यानं एवढ्यासाठी काढली.

"आणि तेव्हा?" त्यानं टेपला विचारलं. "तेव्हा काय म्हणालीस गं?"

टेप फिरत राहिली. काटा मात्र हलला. वीस व्होल्ट. पन्नास. शंभरावर येऊन थांबला.

शंभर व्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टाची लाखपट, शंभर डेसिबल. पाच टप्पे. चौथा तिचा, मग पाचवा कुणाचा?

"बाबा," टेपमधून लेक म्हणाली, "चहा गार होतोय."

त्यानं वळून पाहिलं.

उंबऱ्यावर कप ठेवलेला होता. वाफ येत होती.

दारात कुणी नव्हतं.