जावेची नजर

"रुक्मा, तू सिगडीपाशीच थांब व! ओटीच्या टाइमाले समोर नको येऊ..."

गिरजाबाई हळूच बोलल्या खऱ्या, पण भिलाईच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात हळू बोललेलं शेजारच्या ब्लॉकातही ऐकू जाई!

रुक्मा थांबली. अकरा वर्षांत कूस न उजवलेली ती थोरली सून. आणि पाटावर हिरव्या लुगड्यात, सात महिन्यांचं पोट मिरवत बसली होती धाकटी जाऊ नलू. मत्सर! त्याला दुसरं गोंडस नाव नव्हतं, आणि रुक्मानं ते शोधलंही नाही. काल-परवापर्यंत तिच्या हातच्या भाजीवाचून ज्या घराचा घास उतरत नव्हता, तिथं आता मीठसुद्धा नलूला विचारून पडत होतं...

मात्र मत्सराइतकं बारीक कोणी पाहत नाही, हा त्याचा गुण मानावा लागेल. नलू कशी उठते, कशी वळते, रुक्माची नजर तिच्यावरून हटेना. म्हणूनच ओटीनंतर तिसऱ्या दिवशी, कोळशाच्या पोत्यामागे लपवून वाळत घातलेलं लुगड्याचं फडकं तिलाच दिसलं. धुतलेलं होतं, तरी तो डाग ओळखायला बाईला काय वेळ लागतो?

भंडाऱ्याकडं, त्यांच्या गावी, बाई बाहेरची झाली की तीन दिवस पडवीत बसे. अख्ख्या घराला कळे. पण दोघे भाऊ, जानराव आणि हिरालाल, इथं पोलादाच्या प्लांटात लागले, आणि क्वार्टराला पडवीच नव्हती! गिरजाबाईंनी ती रीतच सोडली. आता कोणाचं काय चाललंय, ते जिचं तिलाच ठाऊक.

'ही पोटुशी नाहीच!' रुक्माच्या मनात आनंदाची उकळी फुटली. सासूच्या कानात एक शब्द, की झालं! ...आणि दुसऱ्याच क्षणी ती उकळी गोठली. मग हे पोट कशाचं?

नलू न्हाणीत असताना ती सरळ आत शिरली आणि पोटावर हात ठेवला. टणक! डावीकडं जास्त. ढकललं तर अख्खा गोळा बाजूला सरके, पण आपणहून तिळभर हलेना.

"नलू, हे लेकरू नाही व."

"जळता तुम्ही माह्यावर!"

"जळते. रोज जळते. पण माह्या जळण्यानं तुह्यं पोट दगडावानी नाही होत. चल दवाखान्यात."

नलूचा चेहरा पडला. मग ती घळघळा रडू लागली. "मले दुसऱ्याच महिन्यात समजलं होतं, बाई... पण तोवर आत्याबाईनं साखर वाटली होती. या घरात पहिल्यांदा मले कोणी 'बस' म्हटलं! थोरल्या तुम्ही, शहाण्या तुम्ही, हाताले चव तुमच्याच... मीच जळत होती तुमच्यावर! मग पोट खरंच वाढून राहिलं, तं वाटलं देवानंच खोट्याचं खरं केलं... आत्याबाईले नका सांगू, शपथ हाये माही!"

प्लांटाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं ठोकून पाहिली, लाकडी नळी लावून कितीतरी वेळ कान दिला, मग एक्स-रे काढला. बाळाचं एकही हाड त्यात नव्हतं.

"बच्चा नहीं है। आँतों की झिल्ली में गाँठ है। ऐसी गाँठ किताब में पढ़ी थी, देख पहली बार रही हूँ।"

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. चार शेरांचा गोळा निघाला, पण सुदैवानं जातीनं गरीब. पुन्हा उगवणारा नव्हे. नलू वाचली!

आणि मग दवाखान्याच्या व्हरांड्यात गिरजाबाईंना वाचा फुटली. "सात महिने! तिले समजलं नसन का? फसवलं आमाले! हिरालाल, अशी बायको ठेवतं का कोणी घरात?"

हिरालालनं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. ती खाली गेलेली मान रुक्मानं पाहिली मात्र...

"तिनं मले दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं, आत्याबाई. दवाखान्यात ने म्हणून पाया पडली. मीच चूप राह्यली... जलनीनं."

यातलं अर्धं खोटं होतं; पण जळणं खरं होतं, म्हणून सगळ्यांना चटकन पटलं. तिच्या नवऱ्याला, जानरावालासुद्धा! गिरजाबाईंचा हात उठला, आणि गालावर पडला. "माह्या घरात राहू नको! माहेरी जा!"

आठव्या दिवशी, टाके काढून झाल्यावर, सासूनं मोठ्या समाधानानं नलूला ती बातमी दिली: "घालवली तिले. आज पगार झाला, तिकिटाले पैसे देल्ले. आताच दुर्गच्या टेशनावर गेली."

नलू पोट धरून ताडकन उठून बसली. "खोटं बोलल्या बाई! मी लपवलं, मी! पोटावर हात ठेवून त्याइनंच ओळखलं, त्याइनंच आणलं... मले काढा घरातून, त्याइले आणा!"

गिरजाबाई कधी एकट्या रस्ता ओलांडत नसत. त्या रिक्षात बसल्या.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर रुक्मा ट्रंकेशेजारी बसली होती. सिग्नल पडला होता.

"चल घरी," गिरजाबाई धापा टाकत म्हणाल्या. "नलीनं सांगितलं समदं... चुकलं माह्यं, माय..."

रुक्मा हलली नाही. डोळे मात्र वाहू लागले. ते पदरानं पुसत तिनं विचारलं, "पेज कोण देऊन राहिलं तिले?"

"शेजारची तुळसाबाई. म्हणते, नलूले लई आवडली."

"तुळसाबाईची?" रुक्मा उभीच राहिली. "तिले मिठाचा अंदाज तरी हाये का!"

तिनं ट्रंकेसाठी हात खाली नेला. ट्रंक तिथं नव्हती. साठीची सासू ती आपल्या डोक्यावर घेऊन, भर गर्दीतून, रिक्षाकडं चालू लागली होती.