घोड्याचा पैसा

होडी बंदराला लागता लागता लाट उसळली, आणि होडीतला मुंबईकर नखशिखांत भिजला. पण हातातली पेटी मात्र त्याने डोक्यावर धरली होती! काठावर उभ्या सुगंधाला हसू आवरेना.

"सोना आसा काय त्यात?"

"सोन्यापरास जास्त," तो म्हणाला.

हरिश्चंद्र मुंबईला टाकसाळीत कामाला होता. आगबोटीच्या उतारूंना सुगंधाची मावशी चहा देई, तिथे बसून त्याने पेटी उघडली. सरकारने पन्नास साली खास काढलेला नाण्यांचा संच... रुपयापासून घोड्याचं चित्र असलेल्या पैशापर्यंत सात नाणी, आरशासारखी लख्ख.

"प्रूफ म्हणतत ह्येका. बोट लागला तरी किंमत उतरता. कडेन धर."

तिने कडेने धरलं. त्याने नाण्याकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघितलं.

मसुऱ्याला त्याच्या घरी जत्रेचे पाहुणे, कोण कधी हात लावेल, म्हणून आठ दिवस पेटी तिच्याच हवाली झाली. त्या आठ दिवसांत सुगंधाचं कशात म्हणून लक्ष लागेना. घडीघडी पेटी उघडायची, घडीघडी वाटेकडे बघायचं. पाचव्या दिवशी घोड्याच्या पैशावर खाऱ्या हवेने पडलेला काळा डाग दिसला. देवाची भांडी घासतात तसा तिने तो आमसूल आणि राखेने घासला. केवढा उजळला म्हणून स्वतःवरच खूश झाली वेडी.

परतीच्या दिवशी हरिश्चंद्राने पैसा उन्हात धरला. सगळीकडे बारीक चरे.

"मुंबयक गिऱ्हाईक वाट बघता," तो हळूच म्हणाला. "संच इकून खोली घेऊची होती. खोलयेशिवाय लगीन खंयचा?"

सुगंधाने खाली बघत विचारलं, "कोणाशी?"

त्याने पैसा पेटीत परत ठेवला.

"बाकीचे सहा तरी इका..."

"सात आसले तर संच. सहांका कोण इचारता?"

आगबोटीचा भोंगा झाला. तो पेटी घेऊन होडीकडे चालू लागला, आणि तिला स्वतःच्या हातांचा राग राग आला. मागे वळेल? नाही वळणार... गुडघाभर पाण्यातून तो परत आला.

"ही तुझ्याकडेच ऱ्हवांदे. खोली पगारातसून घेतंय. एक वरीस लागतला. थांबतलंस?" मग जरा हसून, "घासू मात्र नको."

तिने पेटी घेतली. पेटीखालचा त्याचा हात मात्र सोडला नाही.

"ह्येका पण कडेनच धरूचा?" तिने विचारलं, आणि मुठीत घट्ट धरला.