काइसाचा बोलका डबा

विश्वास ठेवा, असं मी कुणाला म्हणणार नाही. एवढंच सांगते, की यात पदरचं मी काही घातलेलं नाही. क्लाइडने सांगितलं तसं सांगतेय. आणि क्लाइड ट्रेम्बाथ असा माणूस आहे, की हातभर मासा मिळाला तरी वीतभरच सांगेल.

यंदाची एकोणतीस जानेवारी. दुपारचे तीन. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठावर इर्या सारेलाचं घर आहे. तिच्या स्वयंपाकघरात हे घडलं.

भर दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं.

आधी त्या डब्याचं सांगते.

मी इथे एकेचाळीस हिवाळे काढलेत. आम्ही आलो तेव्हा गावातल्या निम्म्या तळघरांतून सोल्डरिंगचा वास यायचा. बर्फाने सहा महिने कोंडलेले पुरुष काहीबाही बनवत बसायचे. कुणी रेडिओ, कुणी गजराचं घड्याळ. इर्याचा नवरा रेनो त्या सगळ्यांत हुशार. १९८७च्या हिवाळ्यात त्याने एक डबा बनवला. बुटांच्या खोक्याएवढा, वर पारदर्शक झाकण. तो कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या जागी लावायचा. डब्यातून एक लांब वायर निघायची आणि तिच्या टोकाला वाटाण्याएवढा धातूचा मणी. मणी जिथे ठेवाल तिथलं तापमान डबा मोठ्याने बोलून दाखवायचा.

काइसाच्या आवाजात.

काइसा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांची. समोरचे दोन दात पडलेले. माझ्याकडे आली की गरम पोळी तूप-साखर लावून खायची आणि बोटं फ्रॉकला पुसायची. रेनोने तिच्याकडून एकेक आकडा म्हणवून घेतला आणि चार चिपांमध्ये भरला. शून्य ते वीस, मग तीस, चाळीस, असं नव्वदपर्यंत. आणि 'शून्याखाली'. बस्स, एवढेच शब्द. डबा ते जोडून जोडून आकडा सांगायचा.

पुढच्या मार्चमध्ये एके दिवशी काइसाने ती वायर डब्यातून उपसली, मण्यासकट कोटाच्या खिशात घातली आणि आईला म्हणाली, "मी सरोवराचा आकडा घेऊन येते हं!"

तिला वाटलं, बादलीत पाणी आणावं तसा मण्यातून आकडा घरी आणता येतो.

इर्या हसली. भांडी घासत होती ती. जा म्हणाली.

मार्चमधला बर्फ आतून पोकळ झालेला असतो...

एक हातमोजा सापडला. काइसा सापडली नाही. मणीही नाही.

रेनोने डबा तळघरातून वर आणला आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवला. परत कधी हात लावला नाही. ज्या कॅसेटवर तिचा आवाज आधी भरला होता, तिच्यावर तोवर दुसरंच काहीतरी भरून झालं होतं. म्हणजे लेकीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता.

दोन वर्षांपूर्वी रेनो गेला. आणि गेल्या डिसेंबरात इर्याने क्लाइडला फोन केला.

"सत्त्याहत्तर वर्षांची झाले मी. जायच्या आधी एकदा ऐकायचंय तिला. एवढं कर माझ्यासाठी."

क्लाइड रेनोचा तळघरातला सोबती. नाही कसं म्हणणार?

जुना कॉम्प्युटर उघडला तर आत उंदराचं घरटं. इर्याकडे पुतण्याने दिलेला नवा लॅपटॉप होता, पण त्याला प्रिंटरची ती जुनी जागाच नाही. इर्याने आपल्या मनानेच एक केबल मागवली होती. एक टोक नवं, एक जुनं.

क्लाइडने ती हातात घेतली आणि हसला. "अगं बाई, हिला फक्त प्रिंटर कळतो. घरी बनवलेल्या वस्तूंना ही ओळखच देत नाही. सगळे हौशी हिच्यावर एकदा पैसे घालवतात."

"तूसुद्धा?"

"मी दोनदा."

मग त्याने स्वतःच्या हाताने एक छोटा बोर्ड बनवला. लॅपटॉप आणि डबा यांच्यामध्ये बसवायला, दुभाष्यासारखा. तीन आठवडे लागले.

"एवढा वेळ कशाला रे लागतो?" इर्या रोज फोनवर विचारायची.

"हा तुझा नवा कॉम्प्युटर फार भरभर बोलतो. म्हाताऱ्या डब्याला ऐकूच येत नाही. आपल्या चर्चमधल्या नव्या पाद्र्यासारखं झालंय. हळू बोलायला शिकवतोय त्याला."

या लोकांची एक शिस्त असते. जुन्या वस्तूला वीज लावायच्या आधी तिच्या चिपांची नक्कल काढून ठेवायची. न जाणो, जळलं तर! क्लाइडने चारही चिपा घरी नेल्या होत्या.

त्या जातीच्या चिपेच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यातून कडक उजेड आत गेला, की आत भरलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून त्या खिडकीवर कागद चिकटवायचा असतो. रेनोने चिकटवला होता. पण डिंक वाळला. कागद गळून डब्याच्या तळाशी पडले होते. वर पारदर्शक झाकण. आणि दक्षिणेचं सदतीस वर्षांचं ऊन.

क्लाइडने चिपा एकेक करून वाचल्या.

चारही कोऱ्या.

त्याने परत वाचल्या. दुसऱ्या यंत्रावर वाचल्या.

कोऱ्याच.

हे इर्याला कसं सांगायचं? रेनोने लेकीचा आवाज उन्हात ठेवून पुसून टाकला, असं? क्लाइडने ठरवलं, सांगायचं नाही. चिपा परत बसवायच्या, तिच्यासमोर बटण दाबायचं, काहीच होणार नाही. मग म्हणायचं, डबा म्हातारा झाला गं, गेला. एकदाच काय ते रडेल.

तर एकोणतीस जानेवारी. दुपारचे तीन.

टेबलावर कॉफी, वेलदोड्याचा पाव. मध्ये डबा. इर्याने ठेवणीतला स्वेटर घातला होता. केस नीट विंचरले होते.

आमच्याकडे पारा फॅरनहाइटमध्ये मोजतात. बत्तीसला पाणी गोठतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. खिडकीबाहेरचा काटा शून्याखाली अकरा दाखवत होता. घरात अडुसष्ट.

क्लाइडने बटण दाबलं.

काही नाही.

त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं...

आणि डबा खरखरला.

"तीस... नऊ."

पुढचे दोन दात नसलेल्या मुलीचा आवाज.

इर्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून धारा. "तीच... क्लाइड, तीच रे!"

क्लाइडला हलता येईना. कोऱ्या चिपा त्याने स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. मण्याची वायर लावायची जागा रिकामी होती. डब्याकडे मोजायला काही नव्हतं. बोलायलाही काही नव्हतं.

त्याने बटणाला परत हात लावला नाही.

"तीस... नऊ."

"एकोणचाळीस कशाचं?" इर्या डोळे पुसत म्हणाली. "घरात अडुसष्ट आहे. बिघडलाय वाटतं. बिघडू दे. बोलू दे तिला."

पन्नास वर्षं क्लाइड बर्फाला भोक पाडून मासे धरतोय. वर कितीही कडाका असो, सरोवराच्या तळाशी हिवाळाभर एकच आकडा असतो.

एकोणचाळीस.

"तीस... पाच."

मग बराच वेळ काही नाही...

"तीस... दोन."

आता इर्याचा चेहरा बदलला. काठावर जन्म गेलेला तिचा. बत्तीस म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही. बर्फाच्या अगदी खालचं पाणी.

"वर येतेय ती," इर्या म्हणाली.

"इर्या, मी बंद करतो हे."

"हात लावून तर बघ!"

फ्रिजची घरघर थांबली होती. कधी थांबली, ते कळलं नाही. रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी चालली होती, तिचाही आवाज नव्हता. दोघांनाही फक्त आपापला श्वास ऐकू येत होता.

"शून्याखाली... अकरा."

क्लाइडने खिडकीबाहेरच्या काट्याकडे पाहिलं.

शून्याखाली अकरा.

"शून्याखाली... अकरा."

सरोवरापासून घरापर्यंत दोनशे पावलं असतील. समोर सगळं पांढरंशुभ्र, उन्हात चमकणारं. कुणी नव्हतं.

"शून्याखाली... अकरा."

इर्या उठली आणि दाराकडे निघाली.

"दार उघडू नकोस. तुला हात जोडतो, इर्या. ऐक. त्या चिपा कोऱ्या आहेत! मी वाचल्यात. त्यांत काही नाही. हे जे बोलतंय ते..."

"माझी पोर बाहेर एवढ्या गारठ्यात उभी आहे," इर्या म्हणाली, "आणि मी दार लावून कॉफी पीत बसू?"

तिने दार उघडलं. आधी आतलं, मग बूट काढायच्या पडवीचं.

गार वारा आत आला. बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

डबा म्हणाला, "वीस... चार."

पडवीतलं तापमान हिवाळ्यात तेवढंच असतं.

इर्याने दोन्ही दारं लावली. हळूच. कुणाचं बोट सापडू नये तशी.

"साठ... आठ."

क्लाइड सांगतो, त्याने टेबलाखाली पाहिलं नाही. मागेही वळून पाहिलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नजर डब्यावर खिळवून बसला.

इर्या येऊन खुर्चीवर बसली. तळहात मांडीवर, वर करून. मग तिची बोटं हळूहळू मिटली. काहीतरी धरावं तशी.

"केवढी गारठलीस गं," ती कुणाला तरी म्हणाली.

"सत्तर... पाच."

क्लाइडला वाटलं, संपलं. मायलेकी भेटल्या. रडू येत होतं त्याला.

"ऐंशी... दोन."

मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. नखं निळी पडत होती. निळेपणा मनगटाकडे चढत होता. इर्याचे ओठ काळवंडले होते. दात वाजत होते. आणि ती हसत होती.

"ऐंशी... आठ."

ऊब मण्यात जात होती. इर्याच्या अंगातून.

"सोड! इर्या, हात सोड!"

तिने मान हलवली. नाही.

"नव्व..."

क्लाइडने डब्याची विजेची वायर उपटली.

आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. फ्रिज सुरू झाला. रस्त्यावरची गाडी ऐकू आली.

इर्याने त्याच्याकडे पाहिलं. "हे काय केलंस, मेल्या? आत्ता कुठे तिला ऊब येत होती."

क्लाइड तिला तशीच गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि विचारलं, "बाहेर किती वेळ होता?"

बाहेर ती गेलीच नव्हती.

डबा आता क्लाइडच्या शेडमध्ये आहे, गोधडीत गुंडाळून. चिपा त्याने परत एकदा वाचल्या. कोऱ्या. यंदा तो मासे धरायला सरोवरावर गेला नाही. इर्या त्याच्याशी बोलत नाही.

माझ्याशी बोलते. दर गुरुवारी मी तिच्याकडे कॉफीला जाते, गेली तीस-पस्तीस वर्षं. क्लाइडने सांगितलं ते मी तिला कधी विचारलं नाही.

गेल्या गुरुवारी गेले. घर भट्टीसारखं तापलेलं. चूल पेटलेली, वर दोन हीटर. मी कोट काढला, स्वेटर काढला, तरी घामाने निथळत होते. इर्या मात्र दोन शाली पांघरून कुडकुडत बसली होती. ओठ निळे. महिनाभरात निम्मी झालीय ती.

उजव्या हाताने कॉफी ओतली तिने. डावा मांडीवर होता. मूठ मिटलेली.

तो डबा त्या घरात नाही. वायर उपटून महिना झाला. पण आकडा थांबला, तेव्हा ती पोर घरात होती. परत गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही...

मी कप ठेवला आणि निघाले. इर्या दारापर्यंत आली. खूप दमलेली दिसत होती.

"लहानपणी तुझ्याकडे यायला आवडायचं तिला," ती म्हणाली. "माझ्या हाताला आता रग लागते गं. थोडा वेळ तू धरतेस का?"

आणि तिने ती मूठ माझ्यापुढे केली.

मी म्हटलं, आज घाईत आहे. पुढच्या वेळी.

उद्या गुरुवार आहे.