ग्लुटेन शून्य

डॉ. हेमांगी खानापूरकरांनी तेच बिस्किट सहाव्यांदा यंत्रात घातलं. पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: ग्लुटेन शून्य.

'ग्लुटेनवेधक' त्यांचाच. नागपूरच्या या प्रयोगशाळेत अकरा वर्षं खपून त्यांनी तो घडवला होता. गव्हातलं हे प्रथिन ज्यांच्या आतड्यांना सोसत नाही, अशी लाखो माणसं पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायचं सोडून त्याच्या हिरव्या दिव्यावर विसंबून जेवत होती. समोर बसलेल्या सुलभा मेंढेंची आठ वर्षांची ओवीही. आणि ती वाळत चालली होती.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हीच तिला चोरून पोळी देत असाल," सुलभाबाईंचा आवाज चिरकला. "माझ्या सासूसमोर म्हणालात! घरात गव्हाचा दाणा नाही, मॅडम. तरी पोरीच्या रक्ततपासणीत गहू खाल्ल्याचीच खूण."

हेमांगीबाईंनी मान खाली घातली. ओवी रोज खाई ते बिस्किट त्यांनी प्रथिनतज्ज्ञ डॉ. यास्मिन इनामदारांकडे दिलं. तासाभरात यास्मिन आलेख घेऊन आली.

"तुझं यंत्र ग्लुटेनला दोन हातांनी पकडतं. एक प्रतिद्रव्य त्याला धरतं, दुसरं येऊन चिकटतं आणि चमकतं. दोन्ही हात बसले तरच दिवा लाल."

"मग?"

"या बिस्किटवाल्यांनी विकर, म्हणजे एन्झाइम, वापरून ग्लुटेनचे तुकडे केलेत. प्रत्येक तुकड्यावर एकाच हातापुरती जागा. यंत्र म्हणतं शून्य, पण आतड्याला तेवढा तुकडाही पुरतो."

"चुकून झालं असेल?"

"इतकं नेमकं? तुझंच यंत्र समोर ठेवून, शून्य येईपर्यंत कातरलंय."

हेमांगीबाईंनी थेट बिस्किट कंपनीचे संचालक दाभाडे यांना फोन लावला.

"मॅडम, कायदा वाचा," दाभाडे शांतपणे म्हणाले. "मान्यताप्राप्त यंत्राला दिसतं तेच ग्लुटेन. आणि मान्यताप्राप्त यंत्र देशात एकच, तुमचं."

"लेकरं मरतील, दाभाडे!"

"मग यंत्र सुधारा. नव्याला मान्यता मिळायला तीन वर्षं लागतात."

हेमांगीबाईंनी फोन आपटला. कायदा मात्र खरंच वाचला, शेवटच्या कलमापर्यंत. यंत्राची मान्यता त्याच्या निर्मात्याला केव्हाही मागे घेता येत होती. मग मंत्रालयाला एका ओळीचं पत्र लिहिलं: माझ्या यंत्राची मान्यता मी आजपासून मागे घेत आहे.

"अगं, वेड लागलंय का तुला?" यास्मिन ओरडली. "अकरा वर्षं!"

"'ग्लुटेनमुक्त' छापायला मान्यताप्राप्त यंत्राचं शून्य लागतं ना? आता यंत्रच नाही. कुठून आणतील शून्य?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देशभरच्या दुकानांतून ती पाकिटं उतरवली गेली. प्रामाणिक कारखानदारही बुडू लागले. त्यांनी मंत्रालयाचे उंबरे झिजवले आणि हेमांगीबाईंनी तोवर जुळवलेल्या नव्या, एका हाताने तुकडा पकडणाऱ्या वेधकाला ताबडतोब मान्यता मागितली. दाभाडेंना विरोध करता येईना. विरोध म्हणजे कबुलीच. त्यांनीही त्या मागणीवर मुकाट्याने सही केली. तीन वर्षांचं काम एकोणीस दिवसांत झालं.

पहिल्या दिवशी शंभर कंपन्यांची पाकिटं तपासायला आली. दाभाडेंचं बिस्किट लाल निघालं, ते अपेक्षितच होतं. पण दिवा पुन्हा लाल झाला. पुन्हा. आणि पुन्हा. संध्याकाळी यास्मिनने लाल निघालेल्यांचा आकडा वाचून दाखवला.

शंभरातली एकसष्ट.

हेमांगीबाईंनी एकसष्ट नावांची यादी स्वतः छापली आणि खाली पोलिसांसाठी तक्रार लिहायला घेतली. अक्षर स्पष्ट येत होतं.