बसल्याशिवाय आवळायचं नाही

मोटरसायकल व्हॅनमध्ये बांधायची एक रीत आहे. नुसती उभी करून दोरी गुंडाळली तर पहिल्याच खड्ड्यात ती आडवी होते. एकाने वर बसायचं आणि अंगाचा भार पुढे टाकून पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले शॉकअप दाबून धरायचे. दुसऱ्याने खाली वाकायचं, हँडलचे पट्टे जमिनीतल्या कड्यांना अडकवायचे आणि खटका मारत ताणायचे. खालच्याचं डोकं कडीपाशी असतं, त्याला वरचं काही दिसत नाही. म्हणून वरचा म्हणतो, "आवळ." मग खालचा आवळतो. वरचा उतरला की स्प्रिंग वर यायला बघते, पट्टा तिला येऊ देत नाही, आणि त्या ओढाताणीत गाडी जागची हलत नाही. आमच्याकडे वर बसायचा तो धाकटा आणि खाली वाकायचा तो मी.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आईवडील गेले तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आम्हाला वेगळं मूल झालं नाही आणि खरं सांगायचं तर त्याची फार खंतही वाटली नाही. एवढा लाडाचा मुलगा मोठा होऊन करतो काय, तर मातीच्या ढिगांवरून मोटरसायकल उडवतो! मी साधा सुतार. लोकांची कपाटं आणि स्वयंपाकघराचे ओटे करतो. तो शर्यतीला गेला की आमचा दोघांचा जीव टांगणीला. धडधाकट परत आला की मी आधी त्याला शिव्या घालायचो आणि मग पोटभर जेवायचो.

त्याची एक खोड होती. कुठेही बसला की बूड टेकल्यावर दोन छोट्या उड्या मारून मागे सरकायचा. खुर्ची असो, बाक असो, मोटरसायकल असो. "अरे, कोंबडी अंड्यावर बसते तसा काय बसतोस?" म्हणून बायको जेवताना रोज ओरडायची. रोज.

व्हॅन त्याच्यासाठीच घ्यायची ठरली. म्हणजे आठवडाभर मी कामावर न्यायची, बायकोने बाजाराला न्यायची, आणि शर्यत असली की मागे मोटरसायकल टाकून, मैदानाच्या कडेला तिच्यातच मुक्काम करायचा. बायको म्हणाली, "हौसेला मोल नसतं, पण जागा लागते. आधी मोजून बघा." मोजलं. बसत होतं.

व्हॅन एका गॅरेजच्या मागे उभी होती. गॅरेजवाल्याने किल्ली दिली, पण मागचं दार उघडायला काही तो आला नाही. गॅरेजच्या दारापाशी जुन्या गाडीची एक फाटकी सीट टाकलेली, आतल्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. तिच्यावर त्याची बायको भाजी निवडत बसली होती. अगदी ताठ, फळीवर बसावं तशी. मी म्हटलं, कंबर दुखत असेल बिचारीची.

मागचं दार आम्हीच उघडलं. आत कुजलेलं प्लायवूड, गंज आणि जमिनीत दोन कड्या. दोन्ही कड्यांमध्ये एक पट्टा खटक्याच्या शेवटच्या दातापर्यंत आवळलेला. पण तो जमिनीला टेकलेला नव्हता. मधोमध गुडघ्याएवढा वर उचललेला होता आणि खाली काहीही नव्हतं.

"चिखल वाळून कडक झालाय," मी म्हणालो.

धाकट्याने त्याच्या खालून हात फिरवला. "दादा, हा तर जादूचा प्रयोग आहे. तिकीट लावू या."

"हात काढ. गंजाने कापलं तर मला दवाखान्यात पळावं लागेल."

गॅरेजवाला लांबूनच ओरडला, "तो असू द्या तसाच. गाडी रिकामी नका चालवू."

"का? मागून उड्या मारते?"

"मागे काहीतरी बांधलेलं असलं की बरी चालते," तो म्हणाला, आणि बायकोकडे बघत राहिला. मला असली अर्धवट बोलणारी माणसं आवडत नाहीत. काय असेल ते सरळ सांगावं की!

घरी आणल्यावर सगळ्यात आधी मी तो पट्टा काढला. खटका गंजला होता, त्याला हातोडीने दोन ठोके घातले. पट्टा सुटून खाली पडला. उचलला तर कडकबिडक काही नाही, धुवून धुवून विरलेल्या चादरीसारखा मऊ. त्याच वेळी गाडी किंचित डोलली, कुणीतरी आतून उतरल्यावर डोलते तशी. आत मी एकटाच होतो, तेव्हा मीच हललो असणार.

मग कामाला लागलो. गंज घासला, पत्र्याला आतून फोम चिकटवला, नवीन प्लाय टाकलं. डाव्या अंगाला बिजागरीचा पलंग केला. दिवसा भिंतीला उभा, रात्री आडवा, आणि आडवा असला तरी खाली मोटरसायकलीचं मागचं चाक जाईल असा. कड्या जमिनीत बुडवून बसवल्या, म्हणजे रोजच्या वापरात पाय अडखळायला नको. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण काम झक्कास झालं होतं.

एकच कटकट होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी टीं टीं करून बोंबलायची. इतकी हळवी की बायकोने बाजाराची पिशवी ठेवली तरी सुरू. "कांद्याबटाट्यांनाही पट्टा लावायला लावते मेली," बायको म्हणायची आणि खरोखरच पिशवीला पट्टा लावायची.

नंतर नंतर ती मी एकटा असतानाही ओरडायला लागली. शेजारची सीट रिकामी, आणि टीं टीं चालूच. वायरवाल्याला दाखवलं. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "सीटवर वजन आहे असं दाखवतंय हो." मी म्हटलं, तुझं डोकं दाखवतंय. शेवटी मी रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. आवाज बंद झाला. त्या दिवशी गाडी खरंच बरी चालली.

शर्यतीचा दिवस आला. एका मोठ्या टीमची माणसं मुलांची निवड करायला येणार होती. धाकट्याच्या आयुष्याचं सोनं व्हायचं तर तिथेच होणार होतं. सकाळी उन्हात आम्ही मोटरसायकल फळीवरून आत चढवली. मी खाली वाकलो, पट्टे अडकवले. शॉकअप दबले. मी आवळायला लागलो. खटक्याचे दात एकेक करून पुढे गेले. पट्टा तारेसारखा झाला.

"उतर," मी म्हणालो.

"कुठून?" आवाज बाहेरून आला.

मी डोकं वर केलं. धाकटा अंगणात नळावर चूळ भरत होता. मोटरसायकलवर कुणी नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज कुणी "आवळ" म्हणालंच नव्हतं.

"न बसताच आवळलंस?" तो आत येऊन बघायला लागला. "वा! म्हातारपणी ताकद आली की."

मी हसलो. दुसरं काय करणार? न बसता शॉकअप एवढे दाबणं माणसाच्या हातात नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण उशीर होत होता, मी मागचं दार लावून घेतलं.

मैदानावर पट्टे सोडले. मोटरसायकल वर आली नाही. होती तशीच दबून राहिली. धाकटा बसला, दोन उड्या मारून मागे सरकला, तेव्हा ती आणखी खाली गेली.

"दादा, आज जड लागतेय रे."

मी त्याला तिथेच उतरवायला हवं होतं. पण टीमची माणसं कुंपणाशी उभी होती आणि मी त्यांना काय सांगणार होतो? मोटरसायकलवर आधीच कुणीतरी बसलंय म्हणून?

"जा," मी म्हणालो. "लोक बघतायत."

पहिल्या फेरीत तो सगळ्यांच्या मागे होता. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मातीचा मोठा ढीग होता, त्यामागे गेलेला इकडून दिसत नाही. बाकीचे एकेक करून बाहेर आले. तो येईना. मी कुंपणाची तार धरून ठेवली होती. देवाचं नाव न घेणारा मी, सगळ्या देवांना हाका मारत होतो.

मग तो आला. मोटरसायकल आता दबलेली नव्हती, पार वर आलेली होती. ढिगावरून तो उडाला आणि पलीकडे टेकला तेव्हा मातीसुद्धा उडाली नाही. एकेकाला मागे टाकत तो पहिला आला.

टीमचा मुख्य माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काय हलका चालवतो हो तुमचा भाऊ! अंगात वजनच नाही जसं." निवड जागच्या जागी झाली. मी रडलो. धाकट्याने हेल्मेट काढलं, हसला. मी त्याच्या पाठीत नेहमीसारखा धपाटा घातला तर तो दोन पावलं पुढे गेला.

परत निघायला म्हणून मोटरसायकल आत घेतली. तो वर बसला. मी खाली वाकलो.

"बस ना नीट," मी म्हणालो.

"बसलोय."

"भार टाक पुढे."

"टाकलाय, दादा."

मी वर बघितलं. तो हँडलवर पूर्ण ओणवा झाला होता, पाय उचललेले. शॉकअप तसूभरही दबले नव्हते. एखादी चिंधी वाळत टाकावी तसा तो तिच्यावर होता. आणि तो सरळ बसला होता. मागे सरकला नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "मी पलीकडून धरतो."

तो उतरला. मोटरसायकल हलली नाही. तो पलीकडे जाऊन उकिडवा बसला, त्याचा पट्टा त्याने हातात घेतला, माझा माझ्या हातात.

मग सीट दबली.

आधी थोडी. मग एक छोटी उडी. मग दुसरी.

हँडलच्या रबरी मुठी दोन्हीकडून चेपल्या गेल्या. घट्ट, भ्यालेलं माणूस धरतं तशा.

"आवळ," पलीकडून आवाज आला.

माझा हात चालला. इतक्या वर्षांची सवय, हात डोक्याला विचारत नाही. एक दात. दुसरा दात. सीटचं रेक्झिन करकरलं. मी थांबलो.

टाकीवरून तो माझ्याकडे बघत होता. माझ्या भावाचं तोंड, माझ्या भावाचे डोळे.

"आवळ ना, दादा."

मी भ्यालो. दुसरं कारण नाही, सांगूनही उपयोग नाही. मी शेवटच्या दातापर्यंत आवळलं.

परतीच्या वाटेवर तो शेजारी बसला होता. त्याने पट्टा लावला नव्हता. गाडी गप्प होती.

"पट्टा लाव," मी म्हणालो.

"कशाला? बोंबलतेय का ती?" तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

बायको दारातच उभी होती. निवडीची बातमी ऐकून तिने त्याला जवळ घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, गरम गरम जेवायला वाढलं. तो खुर्ची ओढून बसला, ताठ.

"आज कसा माणसासारखा बसलास!" बायको हसून म्हणाली. "इतकी वर्षं ओरडत होते, आज अक्कल आली."

"मोटरसायकल बांधलेलीच राहू दे, दादा," तो जेवता जेवता म्हणाला. "उद्या कामावर तशीच ने. बरी चालेल."

माझ्या समोर खिडकी होती आणि खिडकीतून अंगणातली व्हॅन दिसत होती. ती जरा डोलली. थांबली. परत एकदा डोलली.

मी उठलो नाही. बायकोने त्याच्या ताटात आणखी वाढलं.