चिठ्ठीवरचा चौथा

उद्या समुद्राकाठच्या रस्त्याने निघताय म्हणे सगळे. निघा की, मी कोण अडवणारा? तुमची मावशी मघापासून मला खुणावतेय, पोरांना घाबरवू नका म्हणून. घाबरवत नाहीये. घडलं ते सांगतोय. ज्याच्या बाबतीत घडलं तो घड्याळजी तीस वर्षं माझ्याच गॅरेजात गाडी आणतो, आणि त्याला खोटं बोलताच येत नाही. घड्याळ दुरुस्त व्हायला दहा दिवस लागणार असतील तर दहाच सांगेल, गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. तो मोबाइल उलटा ठेव रे आधी, उजेड डोळ्यांवर येतोय.

तर गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. बंदरावरच्या कचेरीचं भिंतीवरचं मोठं घड्याळ घड्याळजीने दुरुस्त केलं होतं, ते पोचवायचं होतं. एरवी तो एकटाच जाऊन आला असता. या वेळी बायकोला म्हणाला, "चल, सगळेच जाऊ. येताना अभयारण्यातून सावकाश येऊ, पक्षी बघत."

बायको हो म्हणाली आणि त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. दोन वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. त्यांची धाकटी मुलगी, सहा वर्षांची, साध्या तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली होती. आता घरात ते दोघं आणि चौदा वर्षांची थोरली. तिघंच.

गाडीत ड्रायव्हरच्या मागची जागा धाकटीची. तिथला पट्टा तिला ढगळ व्हायचा, म्हणून मीच तो दुमडून जाड मेणाच्या दोऱ्याने टाके घालून दिले होते. ती गेल्यावर मी विचारलं, "उसवू का?" घड्याळजी म्हणाला, "राहू दे." मीही पुन्हा विषय काढला नाही. त्या जागेवर कोणी बसत नसे.

घड्याळ भिंतीवर चढलं, बंदरावर जेवणं झाली, आणि साडेतीनला गाडी अभयारण्याच्या फाटकाशी आली. अठरा किलोमीटरचा रस्ता, दोन टोकांना दोन फाटकं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजणाची दलदल, त्यात मगरी. नियम कडक. वेग वीसचा. हॉर्न नाही. गाडीतून उतरायचं नाही. आत जाताना रखवालदार चिठ्ठीवर माणसं लिहून देतो, बाहेर पडताना दुसरा तीच मोजून घेतो. कमी भरली तर फाटक उघडत नाही.

"किती जण?" रखवालदाराने विचारलं.

"चौघं," बायको म्हणाली.

सहा वर्षांची सवय. हॉटेलात, बोटीच्या तिकिटाला, कुणाच्या घरी जेवायला जाताना, हा शब्द तिच्या ओठांवरच असायचा. तिचं तिला कळलंसुद्धा नाही. थोरलीने मान खाली घातली. घड्याळजीने तोंड उघडलं होतं, 'तिघं' म्हणायला. पण बायको तेव्हा समोरच्या पाण्यावरचे बगळे बघून हसत होती. दोन वर्षांनी हसत होती. त्याच्याच्याने बोलवेना. चिठ्ठीवर चाराचा आकडा पडला. एक आकडाच तर आहे, काय बिघडतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि काय सुंदर गेला म्हणता पहिला तास! रोहित पक्ष्यांचे थवे, पाणी दिसू नये इतके. पाणमांजरांचं एक कुटुंब रस्ता ओलांडून गेलं, सगळ्यात मागचं पिल्लू गाडीकडे बघत थांबलं, मग आई परत येऊन त्याला घेऊन गेली. हरणं तर चाकाशी येऊन उभी राहत. थोरली फोटो काढत होती, बायको बोट दाखवून तिला नावं सांगत होती. घड्याळजीला वाटलं, आपलं घर परत मिळालं. कुठेही घाई न करता, थांबत थांबत, साडेपाचला ते दुसऱ्या फाटकाशी आले.

तिथला रखवालदार तरणा होता. चिठ्ठी बघितली, गाडीत डोकावला. "तीनच आहेत. चौथं माणूस कुठाय?"

"तिघंच आहोत," घड्याळजी म्हणाला. "लिहिताना चूक झाली."

"सगळे हेच म्हणतात साहेब. माझ्या आधीच्या माणसाने गेल्या वर्षी असंच ऐकून एक गाडी सोडली. पाच आत गेले होते, चार बाहेर पडले. एक मागेच राहिला. त्या रखवालदाराची नोकरी गेली. मला दोन पोरं आहेत."

आता बायकोच्या ध्यानात आलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "मीच म्हटलं ना? मीच चौघं म्हटलं..."

"माझी मुलगी वारली आहे," घड्याळजी खाली उतरून हळूच म्हणाला. रखवालदाराचा चेहरा पडला, पण मान काही हलली नाही. "पहिल्या फाटकावरचा साडेसहापर्यंत असतो. त्याच्याकडून चिठ्ठी दुरुस्त करून आणा. मी थांबतो तुमच्यासाठी. त्याच्या सहीशिवाय मला कुलूप काढता येत नाही."

निघाले परत. सहालाच अंधारायला लागलं. दिवसा डोळ्यांना सुख देणारा तो रस्ता आता खेकड्यांनी भरला होता. पाण्यातून निघून शेकड्यांनी रस्ता ओलांडत होते. चाकाखाली आवाज यायचा. घड्याळजी थांबत, चुकवत चालला होता. सहा चाळीसला फाटकाशी पोचले.

फाटकाला कुलूप. खोलीत अंधार. त्याने नियम मोडून हॉर्न वाजवला, दहा वेळा तरी. खाजणातून नुसती एक मोठी फडफड उठली आणि शांत झाली. मोबाइलला रेंज नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये अठरा किलोमीटर.

"सकाळपर्यंत इथेच थांबू," थोरली म्हणाली.

"काचेला काहीतरी लागलं," बायको म्हणाली.

कुणीतरी बाहेरून ओला तळवा टेकवावा तसा आवाज होता. मागच्या काचेला. घड्याळजीने पाहिलं नाही. गाडी वळवली.

चार-पाच किलोमीटर गेले असतील. रस्त्यावर आता खेकडेही नव्हते. एकही नाही. हरणं दोन्ही कडांना उभी होती, ओळीने. गाडीकडे तोंड करून. हलत नव्हती.

मग मागे आवाज झाला.

खट्.

पट्टा लावल्याचा.

"थोरले, तू लावलास ना?" घड्याळजीने विचारलं.

"माझा... आधीपासून लावलेलाच आहे, बाबा."

खाऱ्या पाण्याचा वास आला. गाडी मागच्या बाजूला जराशी बसली. घड्याळजीचा हात आरशाकडे गेला, तेवढ्यात बायकोने तो धरला. घट्ट.

"बघू नका," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बघितलं तर जाईल. मी बोलावलं तिला. मी चौघं म्हटलं... आली. अहो, आली ती."

धाकटीला एक खोड होती. बसल्या बसल्या बापाच्या सीटला मागून पाय मारायची. हलकेच, दोन्ही टाचांनी. तो रागवायचा आणि ती खिदळायची. घड्याळजी त्या टाचांची वाट बघत गाडी चालवत राहिला. त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो रडला. म्हणाला, "भीती नव्हती वाटत रे. वाट बघत होतो मी."

टाचा आल्या नाहीत.

पाठीत दोन गुडघे रुतले. मोठे. हाडकुळे. त्या जागेत न मावणारे.

आणि मानेवर श्वास. दमलेला. घरघरणारा...

थांबता येईना, उतरता येईना. बायकोचा हात हातावर. वेग वीसचा. तेरा किलोमीटर.

थोरलीने डोळे गच्च मिटले होते. दाराला चिकटून बसली होती. एकदाच बोलली. अगदी हळू. "बाबा... आईला सांगू नका."

घड्याळजी काटा वीसवर धरून चालवत राहिला.

आठच्या सुमाराला दुसऱ्या फाटकाचा दिवा दिसला. रखवालदार टॉर्च घेऊन आला. उजेड आधी घड्याळजीवर. मग बायकोवर. थोरलीवर. मग ड्रायव्हरच्या मागे. तिथे जरा थांबला.

"चार," तो म्हणाला. "बरं झालं. या, सही करा."

घड्याळजी उतरला. अजूनही त्याला म्हणता आलं असतं, आम्ही तिघंच आहोत, ते चौथं आमचं नाही. गाडीत बायको खिडकीतून आकाशाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की धाकटी जन्मली त्या दिवसानंतर त्याने ते पाहिलं नव्हतं. त्याने सही केली.

रखवालदार कुलूप काढता काढता त्याच्या कानाशी आला. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

"रागावू नका साहेब, पण मुलगी वारली असलं सांगू नये खोटं. आणि आजोबांना असं मागे ठेवून जातात का? भिजलेत पुरते. थरथरतायत. घरी नेऊन काहीतरी गरम द्या त्यांना."

घड्याळजी मूग गिळून गप्प बसला. आधी एकदा बसला होता, तसाच. गाडीत बसला. फाटकातून गाडी बाहेर काढली. चौघांना घेऊन.

घरी पोचले तेव्हा मागे कोणी नव्हतं, असं तो म्हणतो. बायको मात्र त्या दिवसापासून बरी आहे. हसते, जेवते, बाहेर जाते. रात्री झोपताना एका पांघरुणाची घडी मोडून बाहेरच्या खोलीत ठेवते, धाकटीसाठी. सकाळी ते कोणीतरी पांघरल्यासारखं असतं. ती खूश. थोरली मात्र तिच्या मावशीकडे राहायला गेली. परीक्षेचा अभ्यास, असं सांगून. खरं फक्त बापाला माहीत आहे, आणि आता मला. आता तुम्हालाही, तेव्हा त्याच्या बायकोसमोर चकार शब्द काढायचा नाही. गळ्याची शपथ आहे.

सोमवारी गाडी माझ्याकडे आली. म्हणे मागचा पट्टा उघडत नाही. खरंच उघडत नव्हता. लावलेलाच होता, पार लांबवर ओढलेला, मोठ्या माणसाच्या मापाचा. मी घातलेले टाके गेले होते. कापले असते तर समजलो असतो. एकेक टाका नीट, सावकाश उसवला होता. वेळच वेळ असलेल्या माणसाने उसवावा तसा. घड्याळजी म्हणाला, "पुन्हा शिव. तेवढाच आखूड. बायको बघेल."

मी शिवला. पुढच्या सोमवारी गाडी परत आली. पुन्हा शिवला. तीनदा शिवला, मग हात जोडले.

तर उद्या फाटकावर विचारतील, किती जण. आधी डोकी मोजा, मग तोंड उघडा. बास, एवढंच सांगायचं होतं. हसू नकोस रे. तो फळीवरचा पत्र्याचा डबा काढ इकडे. पट्ट्यातून उसवलेला तो दोरा मी त्या पहिल्या सोमवारी त्यात ठेवला, आज वर्ष होत आलं, डबा उन्हातल्या फळीवर असतो.

हात लाव.

ओला आहे ना?