अभिमनचे मासे

पलंगाखाली तिघांना पुरेल इतकी जागा नव्हती. भिकू सगळ्यांत आत भिंतीला चिकटून पडली होती, तिच्या पुढे निंबा आणि कडेला वना. वना नऊ वर्षांचा, त्यामुळे त्याला कडेचीच जागा मिळायची. चादर जमिनीपर्यंत सोडलेली होती. तिच्या फटीतून समोरच्या टेबलावरची काचपेटी आणि तिच्यावर बांधलेलं पांढरं फडकं दिसत होतं.

"शिंकलास तर उद्याच्या गाडीनं पाचोऱ्याला पाठवीन," भिकूनं वनाला बजावलं.

वनानं दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं.

ही खोली अभिमनची होती. अभिमन म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, निंबाच्या वयाचा. मागच्या श्रावणात मुदतीच्या तापानं तो गेला. दर उन्हाळ्याच्या सुटीत ही तिन्ही भावंडं पाचोऱ्याजवळच्या आपल्या गावाहून निघायची आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला मोठ्या काकांकडे यायची. काकांना ती आबा म्हणत आणि काकूंना अक्का. आबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात मॅनेजर होते. तिथले पारशी इंजिनियर बदली होऊन गेले, तेव्हा जाताना त्यांनी आपली काचपेटी आणि त्यातली माशांची जोडी अभिमनला दिली होती. त्या माशांना एंजल म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं होतं. रुपेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे आणि वरखाली लांबच लांब पर. वनानं पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो म्हणाला होता, "हाई मासा शे का पतंग?" त्यावर अभिमन पोट धरून हसला होता.

या माशांना पिलं व्हावीत, एवढंच अभिमनला हवं होतं. त्यांनी अंडी घालावीत म्हणून त्यानं आपली पाटी पेटीत तिरकी उभी करून ठेवली होती. अंडी काही त्याला बघायला मिळाली नाहीत. तो गेल्यावर मात्र मासे अंडी घालू लागले. दोन्ही वेळा मुलं सुटीला आल्यावरच. पाटीवर साबुदाण्याहूनही बारीक अंड्यांच्या ओळी लागायच्या. नर आणि मादी आळीपाळीनं परांनी त्यांना वारा घालायची आणि खराब झालेलं अंडं पांढरं पडलं की अलगद वेचून बाजूला करायची. आणि मग एखाद्या दुपारनंतर पाहावं, तर पाटी कोरी. एकही अंडं नाही.

दुसऱ्या वेळी अक्का बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या होत्या. "या घरात पोरं टिकतच नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी ठरवून टाकलं. पुन्हा असं झालं तर दोन्ही मासे पांझरा नदीत सोडायचे. त्यांना हे बघवत नव्हतं.

वैशाखातली पांझरा म्हणजे वाळू आणि मधूनमधून कोमट डबकी. तिथं हे मासे एक दिवसही जगले नसते. अक्कांनाही ते ठाऊक असणार, पण त्यांच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत झाली नाही.

आज सकाळी पाटीवर तिसऱ्यांदा अंडी दिसली, तेव्हा भिकूनं पहाऱ्याचा बेत केला. घाबरले की एंजल मासे आपलीच अंडी खाऊन टाकतात, असं अभिमन सांगायचा, हे निंबाला आठवत होतं. तेव्हा त्यांना कोण घाबरवतं, एवढंच शोधायचं होतं. मांजर नसणार, कारण दाराला कडी असायची. आधी त्यांचा संशय धुणंभांडी करणाऱ्या झुंबरबाईवर होता. निंबानं तिला तसं विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कसाले हात लावू, भाऊ? मन्हा अभिमनना मासा शेतस त्या," ती म्हणाली. निंबाला स्वतःची लाज वाटली.

दुपारची जेवणं झाली. घर झोपलं. आणि कडी वाजली.

आत आले ते आबा.

मुलांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अभिमन गेल्यापासून आबांनी या खोलीत पाऊल टाकलं नाही, असं घरात सगळे समजत होते. जेवताना कुणी अभिमनचं नाव काढलं तर ते ताटावरून उठून जायचे. आपला नवरा मुलाला विसरला, असं अक्कांच्या मनानं घेतलं होतं.

आबांनी खुर्ची पेटीजवळ ओढली आणि फडकं वर केलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला. अभिमन माशांना बोलवायला काचेवर बोटानं टकटक करायचा, तशीच टकटक त्यांनी केली.

"आलो रे बाळा," ते म्हणाले.

मासे दचकून पेटीभर सैरावैरा धावले आणि मग पाटीकडे वळले. मादीनं पहिली ओळ गिळली. वनाच्या तोंडून आवाज निघणार तोच निंबानं त्याच्या तोंडावर हात दाबला. आबांना काहीच दिसत नव्हतं. ते काचेला कपाळ टेकवून रडत होते.

ते गेल्यावरही मुलं बराच वेळ पलंगाखालीच पडून राहिली. निंबाचं म्हणणं होतं की अक्कांना खरं सांगून टाकावं. भिकूला ते पटेना. आबांनी जे कुणालाही दाखवलं नव्हतं, ते आपण कसं सांगायचं? पण न सांगावं तर मासे पांझरेत जाणार. दोघांचं काही ठरेना.

संध्याकाळी अक्का फडकं काढून कोऱ्या पाटीकडे बघत उभ्या होत्या, तेव्हा वना पुढे झाला.

"अक्का, मी हात घातला पाण्यात," तो म्हणाला. "दर वेळी मीच घातला."

अक्कांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. कारण कळल्यावर मासे सोडायची गरज उरली नव्हती. सुटी संपेपर्यंत वनानं या खोलीत यायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. वनानं मान हलवली आणि मागच्या अंगणात जाऊन तो एकटाच रडला.

पुढचे दिवस कामाचे होते. विहिरीचं पाणी घागरीत शिळं करून थोडंथोडं पेटीत घालायचं, उन्हानं पेटी तापू नये म्हणून भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं. रोज सकाळी वना हौदातले डासांचे वळवळणारे किडे मलमलच्या फडक्यानं गाळून आणायचा आणि दारात निंबाच्या हाती द्यायचा. आत मात्र तो डोकावतही नसे.

चौथ्यांदा अंडी दिसली, त्याच दिवशी भिकूनं आबांचं जुनं धोतर चौपदरी शिवून पेटीसमोर आडवं टांगलं. आबा खुर्चीत बसले की त्यांचे डोळे कुठवर येतात याचा तिला पलंगाखालून अंदाज आला होता. तेवढ्या उंचीवर तिनं रुपयाएवढं भोक पाडलं. खुर्ची पडद्याच्या अलीकडे मांडली आणि दार लोटून घेतलं.

त्या दुपारी कडी वाजली. टकटक मात्र ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी अंडी होती. तिसऱ्या दिवशी पाटीवर बारीक शेपट्या वळवळू लागल्या. आणि त्या दुपारी अक्का जाग्या झाल्या, दार उघडं दिसलं म्हणून आत गेल्या. आबा पडद्याच्या भोकाला डोळा लावून बसलेले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"वना नव्हता," आबा मागे न वळता म्हणाले. "मी होतो. मी रोज येतो."

अक्का दाराशीच खाली बसल्या. मग आबा उठले, अंगणात गेले आणि वनाला हाताला धरून आत घेऊन आले. त्यांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. त्याचे डोळे भोकापर्यंत पोचेनात, म्हणून उचलून धरलं.

"दिसतात का?" आबांनी विचारलं.

"शेतस, आबा. बठ्ठा शेतस," वना म्हणाला. सगळीच्या सगळी होती.

आठवड्याभरानं पिलं पाटीवरून सुटून पोहू लागली. त्यांच्यासाठी निंबा आणि भिकू भल्या सकाळी पांझरेच्या बंधाऱ्याखालच्या डबक्यातलं हिरवं पाणी आणायची. त्यातले जीव इतके बारीक होते की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नसत. तरीही पिलं मरत होती. एका दिवशी फार ऊन झालं आणि अर्ध्याहून जास्त पिलं तळाशी पडली. अक्कांनी ती वाटीत काढली आणि अंगणातल्या तुळशीपाशी पुरली. त्या रडल्या, पण मासे पांझरेत सोडायचं पुन्हा त्यांनी काढलं नाही. शेवटी मूठभर पिलं उरली. त्यांना आईबापांसारखे लांब पर फुटायला लागले होते.

शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांना परत जायचं होतं. आबा आणि अक्का दोघंही स्टेशनवर पोचवायला आले. गाडी लागलेली होती, पण सुटायला वेळ होता. अक्कांनी वनाचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या की त्यानं खोटं बोलून दोन जीव वाचवले, आणि आपण त्यालाच बाहेर काढलं. भिकूच्या पाठीवर आबांनी हात ठेवला. "तू मला काही बोलली नाहीस, पोरी," ते म्हणाले. "मोठ्या माणसांनासुद्धा एवढं सुचत नाही."

मग ते निंबाकडे वळले.

"मागच्या सुटीत अभिमन तुझ्याशी काय काय बोलायचा रे?"

निंबानं भिकूकडे पाहिलं, आणि सांगायला सुरुवात केली. पतंगाची गोष्ट, पाटीची गोष्ट, पिलं झाली की एक जोडी पाचोऱ्याला पाठवीन असं म्हणायचा ती गोष्ट. आबा मधूनच थांबवून पुन्हा विचारायचे. गाडीनं शिटी दिली, तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.

गाडी हलली. मुलं खिडकीतून मागे बघत राहिली. आबा आणि अक्का फलाटावर शेजारी उभे होते. निंबाचं जिथं अर्धवट राहिलं होतं, तिथून पुढे अक्का आपल्या आठवणीतला अभिमन आबांना सांगत असाव्यात.